पोकरसाठी नापास ठरलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. 'जुना' हे विशेषण माझं नाही, देवव्रतचं आहे. तो मला डबा म्हणतो, खटारा म्हणतो, आणि रागात असला की आणखीही काही म्हणतो. मी त्याला काय समजतो ते आज सांगणार आहे. आत्मवृत्तात वस्तूंनी गोड बोलायची पद्धत आहे, हे मला माहीत आहे. फळा गोड बोलतो, छत्री गोड बोलते, तुटकी खुर्चीसुद्धा सगळ्यांना क्षमा करून मोकळी होते. मला ते जमणार नाही.

माझा जन्म दूरदेशी एका कारखान्यात झाला. अंगाने काळा, जाड आणि चौकोनी. माझ्याकडे पाहून आजवर कुणी 'वा!' म्हटलेलं नाही आणि मीही त्याची कधी वाट पाहिली नाही. पहिली नोकरी नवी मुंबईतल्या एका विमा कचेरीत झाली. दिवसभर लोकांच्या अपघातांचे आणि आजारपणांचे कागद माझ्यातून जात. काम नीट झालं तर साहेबाला शाबासकी, बिघडलं तर माझा दोष. पुढे कचेरीने नवे लॅपटॉप घेतले आणि आम्हां जुन्यांना गोणीत बटाटे भरावेत तसं भरून विकलं.

पनवेलच्या साहिलने मला आपल्या दुकानात आणलं. त्याने माझं पोट उघडलं, जुनी फिरती डिस्क काढून वेगवान एसएसडी बसवली आणि रॅम दुप्पट केली. तो कामात असताना शीळ वाजवत होता. माझ्याशी इतक्या सभ्यतेने वागलेला तो पहिला माणूस. मग एका सुट्टीच्या दिवशी देवव्रत दुकानात आला आणि मला मुरुडजवळच्या त्याच्या घरी घेऊन गेला.

घर पोफळींच्या वाडीत होतं. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. देवव्रतचे वडील बापू अलिबागच्या कोर्टातून निवृत्त होऊन वाडी सांभाळत होते. आई गोदावरीबाई. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून त्या घरातल्या अडकित्त्यापासून कडीपर्यंत सगळ्याला खोबरेल लावत. मी आल्यावर त्यांनी माझ्याही बिजागरीला बोटभर लावलं. देवव्रत ओरडला, "आई, अगं तो लॅपटॉप आहे!" त्या म्हणाल्या, "असू दे की. लोखंड ते लोखंड." त्यांचं त्या बाबतीत चुकलं नव्हतं, माझी बिजागरी अजून करकरत नाही.

देवव्रत कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचा. पहिली काही वर्षं त्याने माझ्यावर प्रश्नपत्रिका टाइप केल्या. तेव्हा तो बरा होता, किंवा बरा वाटत होता. मग त्याला पोकर सापडला.

पोकर हा पत्त्यांचा खेळ. तो इंटरनेटवर अनोळखी माणसांशी, पैसे लावून खेळत असे. तेव्हा त्याला बंदी नव्हती. आपल्याला गणित येतं, म्हणजे आपण जिंकणारच, अशी त्याची समजूत झाली. या खेळासाठी एक प्रोग्राम मिळतो, त्याला ट्रॅकर म्हणतात. तो प्रत्येक डाव नोंदवून ठेवतो. समोरचा खेळाडू किती वेळा पत्ते टाकून देतो, किती वेळा उगीच बोली वाढवतो, याचे छोटे आकडे त्याच्या नावाशेजारी दाखवतो. शिवाय तुमच्या स्वतःच्या खेळाची एक रेघ काढतो. नीट खेळत असाल तर रेघ वर चढते, नाहीतर उतरते.

देवव्रतची रेघ उतरत होती. ती मीच काढत होतो, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. ट्रॅकर दुसऱ्यांच्या खोडी दाखवी तशा त्याच्याही दाखवी. हा गृहस्थ पत्ते टाकून देतच नाही, हातात काही नसलं तरी शेवटपर्यंत धरून बसतो, हे स्वच्छ आकड्यांत समोर होतं. ते वाचायला गणिताची पदवी लागत नाही. त्याच्याकडे ती होती, तरी त्याने वाचलं नाही. रेघ उतरते याचं कारण त्याला दुसरंच दिसलं. त्याच्या मते मी हळू होतो.

"ह्या डब्यामुळे माझा डाव गेला," असं तो म्हणे, आणि माझ्या पाठीवर थाप मारी.

याच सुमारास बापूंची फुप्फुसं कामातून जायला लागली. अलिबागच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. फ्रिजच्या निम्म्या उंचीचं ते मशीन हवेतून ऑक्सिजन काढतं आणि नळीतून नाकात सोडतं. ते विजेवर चालतं आणि आमच्याकडची वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. देवव्रतची मोठी बहीण आश्लेषा पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "बापू, तुम्ही आणि आई माझ्याकडे या. तिथे हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे."

बापू म्हणाले, "मला इथून हलवू नको गो. फ्लॅटमध्ये मी नुसता भिंतीकडे बघत पडेन. इथे पोफळी तरी दिसतात."

आश्लेषाने पुष्कळ विचार केला आणि एक अट घातली. घरी इन्व्हर्टर बसवायचा आणि देवव्रतने बापूंजवळ राहायचं. मशीन बंद पडलंच तर पडवीत भरलेला सिलिंडर होता, पण त्याची चावी घट्ट होती. आईंच्या दुखऱ्या बोटांना ती फिरत नसे. देवव्रतला ती उघडायला शिकवलं होतं. "देवू, तुझ्या भरवशावर बापूंना इथे ठेवते आहे," ती म्हणाली. "तुला जमणार नसेल तर आत्ताच सांग."

"जमणार नाही म्हणजे काय? माझे वडील नाहीत का ते?" देवव्रत म्हणाला, आणि त्याने कॉलेजातून लांब रजा काढली. गावभर त्याचं कौतुक झालं. मुलगा असावा तर असा, म्हणाले लोक. रजेचा अर्ज त्याने माझ्यावर टाइप केला होता. अर्ज संपवून त्याने माझ्या पडद्यावर त्याच्याच शेजारी पोकरचं टेबल उघडलं होतं, तेव्हा माझ्याकडून त्याला कौतुक मिळालं नाही.

गावातल्या ऋत्विक वायरमनने इन्व्हर्टर बसवला. त्यावर फक्त बापूंचं मशीन, त्यांच्या खोलीतला पंखा आणि इंटरनेटची डबी. जाताना तो सगळ्यांना बजावून गेला, "यावर दुसरा काय लावू नका हां. छोटा हाय. झेपला न्हाय तर सगळाच बंद करून टाकेल."

देवव्रतने मान डोलावली. त्या वेळी तो मोबाइलवर विकत घ्यायला नवे लॅपटॉप बघत होता.

आता निवडीचं सांगतो. असा ट्रॅकर चालवायला काय लागतं ते मला विचारा, कारण मी तो चालवला आहे. डाव भराभर लिहायला वेगवान डिस्क लागते, ती माझ्यात होती. चार टेबलं आणि ट्रॅकर एकदम उघडं ठेवायला पुरेशी रॅम लागते, तीही होती. प्रोसेसर बरा असला की झालं, आणि डोळ्यांना सुख हवं असेल तर बाहेरून मोठा पडदा जोडावा. एवढंच. भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मित्रांनो, तिथे पत्ते उलटतात. राजा उलटतो, राणी उलटते, फार तर चौकटची दुर्री उलटते.

पण देवव्रतला ग्राफिक्स कार्डच हवं होतं. आठवडेच्या आठवडे तो व्हिडिओ बघत होता. त्यात टोपी उलटी घातलेली मुलं लॅपटॉपचं खोकं उघडून किंचाळत. हा गणिताचा प्राध्यापक ते तोंड उघडं टाकून बघे. बापू रोपांसाठी बी निवडायचे तेव्हा सुपाऱ्या बादलीतल्या पाण्यात सोडायचे. देठाची बाजू वर करून उभी तरंगेल ती बियाण्याला, आडवी पडेल ती बाजूला. कशासाठी निवडायचं आहे ते आधी ठरलेलं असे, म्हणून निवड पटकन होई. त्यांच्या चिरंजिवांनी मात्र यंत्र निवडलं ते लाल दिवे बघून. हे यंत्र वीज किती पितं, हा प्रश्न त्याने कुणालाही विचारला नाही.

नवा आला. कळफलकाखाली लाल, हिरवे, जांभळे दिवे. पंखे सुरू झाले की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज. त्याचा चार्जर विटेएवढा होता. सोबत दोन मोठे पडदे. वाडीत कामाला येणारी ठमाबाई खोकी बघून थबकली.

"ह्ये काय आणलंव, धाकले?"

"कामाचं आहे, ठमाबाई."

"कसला काम?"

गोदावरीबाईच म्हणाल्या, "पत्ते खेळतो तो त्याच्यावर."

"आनि बाकीचे गडी कुठं हायत?" ठमाबाईने खोलीत डोकावून विचारलं. मग ती असोल्या सुपाऱ्या सोलायला मागच्या पडवीत निघून गेली.

नव्याच्या मोठ्या पडद्यावर तीच रेघ तशीच उतरत राहिली. फक्त आता ती जास्त सुबक दिसत होती.

माझी रवानगी बापूंच्या खोलीत झाली. मित्रांनो, ती मला शिक्षा म्हणून मिळाली होती आणि माझ्या आयुष्यातले सगळ्यांत बरे दिवस त्याच खोलीत गेले. बापू माझ्यावर जुनी नाट्यगीतं ऐकत. आश्लेषा रोज माझ्यावर त्यांच्याशी बोले. बापू मला खिडकीकडे फिरवायला सांगत आणि तिला वाडी दाखवत. वादळात निम्मी वाडी आडवी झाल्यावर त्यांनी नवी रोपं लावली होती, ती आता माणसापेक्षा उंच झाली होती. "पुढच्या खेपेला ह्यांना सुपारी धरेल बघ," असं ते तिला पुन्हा पुन्हा सांगत. दोन वाक्यांत दम लागे, मग नळीतून श्वास घेऊन तिसरं वाक्य.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ते घडलं. सुट्टीत आमच्याकडे पर्यटक लोटतात, सगळ्या लॉजचे एसी एकदम सुरू होतात आणि भार न सोसून वीज जाते. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या रविवारी देवव्रतची मोठी स्पर्धा होती. वीज गेली तर नव्या लॅपटॉपची बॅटरी खेळताना फार टिकत नाही आणि ते दोन पडदे तर लगेच मरतात, हे त्याला तोपर्यंत कळलं होतं. म्हणून त्याने सकाळीच एक काळी वायर आणली. बापूंच्या खोलीतल्या इन्व्हर्टरच्या बोर्डात तिचं एक टोक खोचलं, दुसरं दाराखालून आपल्या खोलीत नेलं.

बापूंनी पाहिलं. "काय रे ते?"

"काही नाही बापू. आजच्या दिवसापुरतं."

बापूंना ते पटलं. मुलगा शिकलेला होता.

दुपारी मी बापूंसमोर उघडा होतो, पडद्यावर आश्लेषा होती. वीज गेली. इन्व्हर्टरने सगळा भार घेतला, मशीनचा, पंख्याचा आणि त्या झगमगत्या दिव्यांच्या यंत्राचाही. मग तो लांब किंचाळला आणि बंद पडला. पंखा थांबला. ऑक्सिजनचं मशीन थांबलं आणि धोक्याची शिट्टी वाजवायला लागलं. इंटरनेटची डबी विझली, आश्लेषाचा चेहरा माझ्या पडद्यावर गोठला. माझी स्वतःची बॅटरी होती, म्हणून मी जागा राहिलो. मी जागा राहून उपयोग काय होता? मला हात नाहीत.

"देवू," बापूंनी हाक मारली. ती हाक नळीच्याही पलीकडे गेली नाही.

देवव्रत खोलीतून बाहेर आला. मला वाटलं, आला. त्याच्या कानांवर मोठे हेडफोन होते. तो माजघरातल्या इंटरनेटच्या डबीपाशी गेला, ती विझलेली पाहिली, आणि मोबाइलवरून इंटरनेट सुरू करत परत फिरला. बापूंच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. त्याने तिकडे मान वळवली नाही. आपल्या खोलीचं दार मात्र त्याने लावून घेतलं.

तिकडे पनवेलला आश्लेषाने क्षणात ओळखलं. इंटरनेट इन्व्हर्टरवर होतं, ते तुटलं म्हणजे इन्व्हर्टर गेला. तिने देवव्रतला फोन लावला. फोन घेतला असता तर मोबाइलवरचं इंटरनेट तुटलं असतं आणि डाव गेला असता. म्हणून त्याने तो कापला. तिने पुन्हा लावला, त्याने पुन्हा कापला.

शिट्टी ऐकली ती ठमाबाईने. "वयनी, पळा! बापूंचा मशीन बोंबलतंय!" गोदावरीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. बापूंचे ओठ निळे पडायला लागले होते. "देवू! अरे सिलिंडर उघड!" असं त्या ओरडल्या. ठमाबाई दारावर दोन्ही मुठींनी ठोकत होती.

आतून आवाज आला, "आई, दोनच मिनिटं!"

मित्रांनो, मी विमा कचेरीत माणसांचे खूप प्रकार वाचले होते. असा वाचला नव्हता.

तेवढ्यात गोदावरीबाईंचा फोन वाजला. आश्लेषा होती. तिचा आवाज मला ऐकू येत होता, इतकी ती ओरडत होती. "आई, रडू नको. इन्व्हर्टरच्या बोर्डाकडे बघ. काय काय लावलंय?"

"मशीन... पंखा... इंटरनेट..." त्या बोटाने दाखवत बोलत होत्या, जणू ती बघतेच आहे. "आणि एक काळी वायर आहे गो. देवूच्या खोलीत गेलीये."



"उपट ती," आश्लेषा म्हणाली. "आता इन्व्हर्टरचं बटण दाब. दाबून धर. सोडू नको."

पंखा हलला. मशीन गुरगुरलं आणि सुरू झालं. ठमाबाईने बापूंना मागून धरून बसतं केलं होतं. त्यांच्या ओठांचा रंग परत यायला बराच वेळ लागला.

मग देवव्रतचं दार उघडलं. "बापूंचा पंखा चालू आहे, मग माझ्याकडे का नाही? वायर कुणी काढली?"

गोदावरीबाई जमिनीवर बसल्या होत्या, वायर त्यांच्या हातात होती. त्यांनी ती वर धरून त्याला दाखवली. त्याला हळूहळू सगळं दिसायला लागलं असावं, कारण त्याने हेडफोन काढले.

बापूंनी डोळे उघडले. "जिंकलास का रे?" त्यांनी विचारलं.

मी त्या प्रश्नात टोमणा शोधला. नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि यावर आमचा प्राध्यापक काय म्हणाला ते ऐका.

"बापू, इन्व्हर्टर छोटा आहे हो. मोठा घ्यायला हवा होता."

आश्लेषा संध्याकाळी गाडी घेऊन आली. ती भांडली नाही. तिने आईंची पिशवी भरली, डॉक्टरांचे कागद घेतले, शेजाऱ्यांच्या मदतीने मशीन गाडीत चढवलं आणि सिलिंडर बापूंच्या पायाशी ठेवला. या वेळी बापूंनी 'हलवू नको' म्हटलं नाही. त्यांनी इस्त्रीचा सदरा घालून घेतला. निघताना खिडकीपाशी थांबून नव्या पोफळींकडे पाहत राहिले, इतका वेळ की गोदावरीबाईंना त्यांचा दंड धरावा लागला. देवव्रतला ते एवढंच म्हणाले, "रोपांना पाणी घाल हो." मला त्यांनी खिडकीपाशीच ठेवायला सांगितलं. पनवेलहून वाडी बघता यावी म्हणून.

त्यानंतर मोठा इन्व्हर्टर आला. देवव्रतने तो फार अभ्यास करून निवडला. आता त्यावर लॅपटॉप, दोन्ही पडदे, सगळं चालतं. इन्व्हर्टर पूर्ण त्याचा आहे. आणि थोड्याच दिवसांत सरकारने पैसे लावून खेळायचे असे ऑनलाइन खेळच बंद केले. टेबलं गेली. ट्रॅकर मात्र त्याने काढलेला नाही. जुने डाव एकेक करून उघडतो आणि आपण कुठे चुकलो ते शोधत बसतो. त्या रविवारचा डावही त्याने पुष्कळदा पाहिला आहे. शेवटच्या पत्त्याला बोली वाढवायला नको होती, असं त्याचं मत झालं आहे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूने विनवणी करायची असते. मला पुसत जा, जपत जा, अडगळीत टाकू नका, असं. माझी तशी काही विनवणी नाही. माझ्यावर धूळ बसू द्या. माझी बॅटरी फुगली तर भंगारवाल्याला द्या. लॅपटॉप बंद पडल्याने कुणाचाही जीव गुदमरत नाही, आणि आम्हां यंत्रांचे एवढे लाड करण्याइतके आम्ही कुणाचे कुणी नाही. नवं यंत्र घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, दिव्यांचं घ्या, गिरणीसारखं वाजणारं घ्या. पण ते कशासाठी हवंय, ते आधी स्वतःला खरं खरं सांगा. आणि ते चालू असताना घरातलं कुणी हाक मारेल, तेव्हा उठा.

बाहेर सकाळ झाली आहे. नव्या पोफळींना या खेपेला खरंच सुपारी धरली आहे, मला खिडकीतून दिसते. मी वाजतो आहे. माझ्या पडद्यावर बापूंचं नाव आहे. पलीकडच्या खोलीत देवव्रतने कानांवर हेडफोन घातले आहेत. ठमाबाई अजून आलेली नाही. मी वाजतोच आहे.

कुणीतरी उठा आणि त्यांना झाडं दाखवा.